सोळावा किरण

मिंकोनं बायकोचं कोबीचं पिंप पळवलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

पिंप रिकामंच होतं म्हणा. मे महिना लागला होता, आंबवलेला कोबी ईस्टरच्या आतच फस्त झाला होता आणि नवा कोबी येईपर्यंत ते अंगणात उपडं पडून राहणार होतं. पण त्सोंकाच्या घरातली वस्तू हलवायची तर त्सोंकाला विचारावं लागतं, एवढी साधी गोष्ट अडतीस वर्षांच्या संसारात त्या माणसाच्या टाळक्यात शिरली नव्हती.

"माझं पिंप कुठाय?" तिनं तळघराच्या दारातूनच विचारलं.

"हे काय, इथंच आहे. पळून थोडंच जातंय!"

"आणि त्यात नळ्या कसल्या सोडल्यास?"

"पाणी फिरणार आहे. पंप ते वर स्पिंडलला चढवेल, तिथं ते तापेल, मग रेडिएटरमधून गार होऊन पुन्हा पिंपात. एकदा भरलं की तेच तेच पाणी."

"आणि ऑक्टोबरात मी कोबी कशात घालू? तुझ्या टोपीत?"

मिंकोनं वाकून पुढची नळी पिंपात सोडली.

फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता, आणि दोन हिवाळे खपून त्यानं तळघरात स्वतःचं यंत्र उभं केलं होतं. संगणकावर चित्र काढायचं, फळी बांधायची, की मोटारीला लावलेलं बारीक पातं खाली उतरून ते चित्र लाकडात कोरतं. ती मोटार म्हणजे स्पिंडल. पहिली मोटार वाऱ्यानं गार होणारी होती आणि चालू झाली की डुकराला सुरी लागल्यासारखी किंचाळायची. शेजारच्या स्तोयनाच्या कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं. ते एक वेळ चाललं असतं. पण वरच्या मजल्यावर दोब्री होता.

दोब्री हा मिंकोचा थोरला भाऊ. बाहत्तर वर्षांचा, बायको वारलेली, मूलबाळ नाही. मिंको त्याला बाते, म्हणजे दादा, म्हणायचा, आणि त्सोंकाही बातेच म्हणायची. आमच्या त्र्याव्ना गावात छताला लाकडी सूर्य बसवायची रीत जुनी आहे, आणि दोब्रीसारखे सूर्य कोरणारा त्याच्या पिढीत दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, त्याच्यावर जळणारेच म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले आणि त्यानं पटाशा तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मग हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, शांतता हवी. आणि खाली हे डुक्कर. दोब्री काठीनं जमिनीवर तीनदा ठोकायचा, टक, टक, टक. त्याचा अर्थ एकच: बंद कर. मिंको बंद करायचा. मिंको आयुष्यभर त्या काठीच्या धाकात होता, म्हातारपणीसुद्धा.

म्हणून त्यानं पाण्यानं गार होणारी मोटार आणली. ही किंचाळत नाही. हिच्या डोक्यावर दोन तोंडं असतात, एकातून पाणी आत जातं आणि दुसऱ्यातून बाहेर येतं. पाणी फिरत राहिलं की ती तापत नाही आणि आवाजही करत नाही. एवढी सगळी खटपट वरच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्याला दुपारची झोप लागावी म्हणून. आतल्या आत आणखी एक गोष्ट होती, ती मिंको कुणाला सांगत नसे. एक सूर्य कोरावा आणि तो बघून बातेनं एकदा तरी बरा म्हणावा.

रेडिएटर दोब्रीनंच दिला. त्याची जुनी मॉस्कविच गाडी अंगणात गंजत पडली होती. "तिच्या हीटरचा घे काढून," तो म्हणाला. "मला आता गाडीनं कुठं जायचंय." पंप कारंज्याचा होता. वीस लिटर शुद्ध पाणी, त्यात गाडीतलं निळं कूलंट, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि थंडीत गोठत नाही. जोडण्या गळायच्या, त्या क्लिपा आवळून बंद केल्या. पण खरा छळ हवेच्या बुडबुड्यांनी केला. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पंप ठकठकतो आणि स्पिंडलच्या पोटात पाणी पोचत नाही. मिंको दोन दिवस नळी उचलत होता, वाकवत होता, बोटानं टिचक्या मारत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा बुडबुडा पिंपात येऊन फुटला, आणि पाणी बिनबोभाट फिरायला लागलं.

दोब्री कठड्याला धरून तळघरात उतरला आणि खोक्यावर बसला.

"लाव की आता."

"लावलंय, बाते. चालू आहे."

"चालू आहे?" दोब्रीनं कान पुढे केला. "हे बरं केलंस. पोटात किती पाणी मावतं याच्या?"

"स्पिंडलच्या? पेलाभर. नळ्या काढल्या तरी तेवढं आत राहतंच. तोंडानं फुंकून काढावं लागतं."

म्हाताऱ्यानं बाही वर सरकवली आणि मनगटापर्यंत हात पिंपात बुडवला. हात पाण्यात थरथरायचा थांबला. दोघांनीही ते बघितलं.

"गार आहे," दोब्री म्हणाला. "बरं वाटतं."

मग त्यानं हात पुसला आणि यंत्राखालची अक्रोडाची फळी पाहिली. तिच्यावर सूर्य व्हायचा होता, सोळा किरणांचा. मिंकोनं आदल्या दिवशी एका तुकड्यावर नमुन्याचा किरण कोरून बघितला होता. दोब्रीनं तो तुकडा उचलला, हळूच फुंकर मारून त्यावरची भुकटी उडवली आणि बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला.

"मेलेलं."

"अरे, अजून घासलंसुद्धा नाहीये..."

"घासून जिवंत होतं होय? एक किरण काढलास आणि सोळा जागी चिकटवणार आहेस. हा सूर्य आहे की कचेरीतला शिक्का?" मग तो हसला, कारण मिंकोचा चेहरा अगदीच उतरला होता. "यंत्राला पाणी पाजलंस, मिंको. लाकडाला काय पाजणार आहेस?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दोब्री खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कॉफी अर्धीच प्यायला होता.

घरात माणूस गेलं की आमच्याकडे आधी घरातलं साठलेलं सगळं पाणी ओतून टाकतात, रडणं मग. निघालेला जीव पाण्यात उतरतो म्हणतात, आणि त्या पाण्याला वाट नसेल तर तिथंच अडकतो. त्सोंकानं डोळे पुसायच्या आधी किटली ओतली. मग घागर, फुलदाणी, कुत्र्याचं भांडं, कुंड्यांखालच्या बशा, इस्त्रीतलं पाणी. संडासाची टाकीसुद्धा ओढून रिकामी केली. शेवटी ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"मिंको! खाली पाणी आहे का रे कुठं? त्या पिंपात?"

मिंको खालीच होता, पिंपाशेजारी. भावाच्या डोळ्यांवर स्वतः हात फिरवून तो खाली येऊन बसला होता, कारण वर बसवत नव्हतं. त्यानं त्या निळ्या पाण्याकडे पाहिलं. दोन दिवसांची मेहनत. ते ओतलं की पुन्हा भरणं आलं, पुन्हा ते बुडबुडे आले. आणि हे पाणी कुठं होतं? हे कूलंट होतं. याला कुणी तोंड लावत नाही.

"पाणी नाहीये," तो म्हणाला.

तीस वर्षं यंत्रं सांभाळलेल्या माणसाच्या दृष्टीनं ते खोटं नव्हतं. म्हणूनच तर त्याला ते इतकं सहज बोलता आलं.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर तो पुन्हा तळघरात गेला. काहीतरी करायला हवं होतं. हात मोकळे राहिले की डोकं पोखरायला लागतं. त्यानं पंप लावला, पाणी फिरतंय हे बघून स्पिंडल लावला आणि पहिला किरण सुरू केला. एका किरणाला दोन तास लागायचे. तास झाल्यावर त्यानं सवयीनं पिंपातला तापमापक बघितला. तळघरात अठरा अंश होते, आणि पाणी नऊ.

रेडिएटर कितीही चांगला असला तरी पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही कळलं असतं. मिंकोनं तापमापक बदलला. दुसराही नऊच म्हणाला. नळ्यांना बाहेरून घाम सुटला होता.

"बिघडलेत दोन्ही," तो मोठ्यानं म्हणाला. तळघरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाला.

आणि मग किरण पूर्ण झाला. पातं वर गेलं, मिंकोनं भुकटी झाडायला ब्रश उचलला आणि तसाच उभा राहिला. भुकटी नव्हतीच. खाचांमधून कुणीतरी फुंकर मारल्यासारखी ती उडून गेली होती, आणि लाकडावर ओलसर वाफ दिसत होती, आरशावर श्वास टाकल्यावर येते तेवढीच. तीही बघता बघता विरली. आणि त्यानं काढलेला किरण हा नव्हताच. हा मुळाशी जाड होता, मध्ये डावीकडे झुकला होता, आणि टोकाशी त्याला एक हलकीशी मुरड होती. ती मुरड अख्ख्या गावाला ओळखू आली असती. ती दोब्रीची होती.

मिंकोनं संगणकावरचं चित्र तीनदा तपासलं. चित्रात काही बदललेलं नव्हतं. किरण सरळ, गुळगुळीत, सोळाही एकसारखे. त्यानं दुसरा किरण सुरू केला. तो पहिल्यासारखा झाला नाही. तो वेगळाच झाला, किंचित आखूड, जास्त खोल, आणि मुरड उलट बाजूला. मिंकोनं बोटाच्या पेरानं लाकूड ठोकलं आणि कान लावला. त्यात आवाज होता. मग तो खोक्यावर बसून ढसाढसा रडला, आणि त्या रडण्यात दुःख किती नि आनंद किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या दिवसानंतर त्याला दुसरं काही सुचेना. दिवसाआड एक किरण, कारण प्रत्येक किरणानंतर तो तासन्‌तास नुसता बघत बसायचा. पाणी सातवर आलं, मग पाचवर. जून लागला, बाहेर लोक बाही वर करून फिरत होते, आणि मिंको लोकरी बंडी घालून तळघरात उतरायचा. सहाव्या किरणाच्या वेळी पंपातून आवाज आला.

टक, टक, टक.

"बुडबुडा," मिंको म्हणाला. त्यानं नळी उचलली, वाकवली, टिचक्या मारल्या. एकही बुडबुडा निघाला नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच. टक, टक, टक. पण किरण अर्ध्यावर होता, आणि असा किरण त्याच्या हातून कधीही झाला नव्हता, होणारही नव्हता. त्यानं कानात कापूस घातला.

हे लिहिताना आजही मला त्याचा राग येतो. त्याला अर्थ कळला नव्हता असं नाही. तो आवाज त्याच्याइतका कुणाला कळणार?

मग त्सोंकाला स्वप्नं पडायला लागली.

"बाते आला होता," ती सकाळी कॉफी ओतताना म्हणाली. "ओलाचिंब. म्हणाला, त्सोंके, पाय गारठलेत. मी फिरतोय नि फिरतोय, परत तिथंच येतोय. दार कुठंय ते सांग म्हणाला."

"तू रात्री चीज खाऊन झोपतेस."

"तुझ्या तोंडाला काही धरबंध? भाऊ होता तुझा!"

तिनं लोकरीचे मोजे विणले आणि दोब्रीच्या नावानं स्तोयनाला दिले. मेलेल्याला पोचावं म्हणून असंच देतात. दोब्री पुन्हा आला. तिनं उकडलेले गहू साखर घालून लोकांना वाटले, थडग्यावर वाइन ओतली. तरी तो आलाच. प्रत्येक वेळी जास्त ओला, जास्त दमलेला. पस्तिसाव्या दिवशी तिनं मिंकोला टेबलाशी बसवलं आणि बोटं दुमडत एकेक मोजायला लागली.

"किटली मी ओतली. घागर ओतली. फुलदाणी, कुत्र्याचं भांडं, इस्त्री, टाकी. मॉस्कविचमध्ये काच धुवायचं पाणी असतं ना रे, तेसुद्धा मी मागाहून जाऊन बघितलं, कोरडं ठाक होतं. मग राहिलं काय? मिंको, माझ्याकडे बघ. कुठं काही राहिलंय का?"

मिंकोनं तिच्याकडे बघितलं. चौदा किरण झाले होते. दोन उरले होते.

"नाही," तो म्हणाला.

आणि हे मात्र खोटं होतं, कुठल्याही हिशोबानं. त्यानं स्वतःची समजूत घातली: चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत ओतून टाकीन. चाळिसाव्याला जीव हे जग सोडून निघतोच. तोवर दोन किरण होतील, सूर्य पुरा होईल, बातेलाही तो पुरा झालेला बघायला आवडेल. माणूस स्वतःला फसवताना किती गोड बोलतो!

पंधरावा किरण सगळ्यांत सुंदर झाला. त्याच्या कडेला पात्याच्या खुणा थरथरत गेल्या होत्या, दोब्रीचे हात शेवटी थरथरायचे तशा. पाणी दोन अंशांवर आलं होतं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्सोंका काळा रुमाल बांधून, गव्हाची परात आणि पाव घेऊन निघाली. पाद्रीबाबा दहाच्या घंटेनंतर थडग्यावर प्रार्थना म्हणणार होते.

"वाइन घेऊन ये मागोमाग," ती म्हणाली. "आणि उशीर करू नकोस. आज त्याला निरोप द्यायचाय."

"आलोच."

ती वळणापलीकडे गेली तसा मिंको तळघरात उतरला. सोळावा किरण. नऊ वाजले होते. दोन तास लागणार होते, आणि घंटा होणार होती दहाला. हे गणित त्याला येत नव्हतं असं समजू नका.

पातं लाकडात शिरलं. पंप लगेच ठोकायला लागला. टक, टक, टक. आज कापूस घालूनही ऐकू येत होतं. पिंपाला हात लावला तर हातातून ऐकू येत होतं. नळ्यांवर पांढरं दंव धरलं होतं. किरण मुळातून उठला, डावीकडे झुकला. अर्ध्यापर्यंत आला. मिंको दोन्ही हात काखेत दाबून बघत होता, आणि त्याला ती मुरड दिसत होती, अजून न कोरलेली, लाकडात वाट बघत बसलेली. आणखी एक तास. फक्त एक तास, बाते.

गावातली घंटा वाजली.

पंपातला आवाज बदलला. आता तो तीनवर थांबेना. तो अखंड ठोकत होता, कुणी आतून बंद दार बडवावं तसा. मिंकोच्या डोळ्यांपुढे तो हात आला, बाही वर सरकवून पाण्यात बुडवलेला, न थरथरणारा. बरं वाटतं, म्हणाला होता. आणि यानं त्याला चाळीस दिवस घाण्याला जुंपला होता.

त्यानं लाल बटण दाबलं.

पातं थांबलं, वर गेलं. मिंकोनं पंपाची वायर उपटली, नळ्या ओढून काढल्या आणि पिंप छातीशी कवटाळून जिना चढला. वीस लिटर पाणी आणि त्रेसष्ट वर्षांची कंबर. अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाखाली त्यानं ते ओतलं. रेडिएटर उलटा करून झटकला. पाणी उतारानं रस्त्याकडे धावलं आणि जमिनीत मुरलं. त्या वर्षी तिथलं गवत जळून गेलं.

मग त्यानं वाइनची बाटली घेतली आणि फाटकाशी आला. कडी काढली. आणि तिथंच थबकला.

पेलाभर पाणी. स्पिंडलच्या पोटात. नळ्या काढल्या तरी तेवढं आत राहतंच.

कुणाला कळणार होतं? पिंप ओतलं होतं, त्सोंकाला तोंड दाखवता आलं असतं. पेलाभरच. अर्धा किरण पुरा व्हायला तेवढं पुरलं असतं कदाचित. जास्त नको होतं त्याला, फक्त ती शेवटची मुरड. तो फाटकाला धरून उभा राहिला, आणि आपण काय करतोय हे त्याला पूर्ण ठाऊक होतं. त्या उभं राहण्याची लाज त्याला पुढे जन्मभर वाटली.

तो परत फिरला. स्पिंडल पट्ट्यातून सोडवून अंगणात आणला आणि एका तोंडाला ओठ लावले. धातू इतका थंड होता की ओठ चिकटले. त्यानं फुंकलं. दुसऱ्या तोंडातून निळं पाणी पायांवर पडलं. पुन्हा फुंकलं. थेंब पडले. तिसऱ्यांदा छाती रिकामी होईपर्यंत फुंकलं, आणि काहीच पडलं नाही. तो ओठ सोडवून श्वास घेत होता, तेवढ्यात आतून एक फुंकर परत आली. छोटीशी, कोरडी, ऊबदार, सरळ तोंडावर. लाकडावरची भुकटी उडवायला मारतात तशी.

हातातलं लोखंड कोमट झालं होतं, जूनच्या उन्हात व्हावं तितकंच.

तो स्मशानात पोचला तेव्हा प्रार्थना संपत आली होती. त्सोंकानं त्याचे निळे झालेले बूट बघितले, फुटलेले ओठ बघितले.

"कुठं होतं?" तिनं हळूच विचारलं.

"कोबीच्या पिंपात."

"माझ्या?"

"हो."

"सगळं ओतलंस?"

"सगळं."

तिनं त्याच्या हातातली बाटली घेतली, थडग्यावर वाइन ओतली, आणि पुढचे अकरा दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पिंप तिनं स्वतःच्या हातानं कुऱ्हाडीनं फोडलं. दोब्री पुन्हा तिच्या स्वप्नात आला नाही.

मिंकोनं नवी टाकी आणली, नवं पाणी भरलं, बुडबुडे काढले. पाणी अठरा अंशांवर होतं, तासाभरानं बावीसवर गेलं, जसं जायला हवं तसं. उरलेला अर्धा किरण यंत्रानं चित्राबरहुकूम कोरला, सरळ, गुळगुळीत, भुकटीनं भरलेला. मिंकोनं ब्रशनं झाडला. ठोकून बघायची गरज नव्हती, पण त्यानं ठोकून बघितलं.

तो सूर्य दोब्रीच्या खोलीच्या छताला लावलाय. शरदात पाद्रीबाबा घरात पवित्र पाणी शिंपडायला आले, तेव्हा मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिले.

"दोब्रीचा हात," ते म्हणाले. "शेवटचा असेल. पण हा एक किरण निम्म्यावरून असा कसा झाला रे, मिंको? थकला होता का?"

"नाही, बाबा," मिंको म्हणाला. "तिथं मी त्याला सोडला. पुढचा माझा आहे."